हस्ताचे आभाळ आणि लेकरांची सहल

वर्षाकाठी सरासरी सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पावसावर गुजराण करणाऱ्या आणि उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या बीड जिल्ह्यात, हिरवे डोंगर आणि वाहते पाणी एकाच वेळी पाहावयास मिळण्याचा काळ सबंध वर्षात अवघ्या दोन-अडीच महिन्यांचा असतो. भाद्रपद सरत येतो, बालाघाटाच्या उतारांवर गवत गुडघ्याला लागते, ओढ्यांचे गढूळ पाणी निवळते, आणि सहामाहीची परीक्षा व दिवाळीची सुटी यांच्या आगेमागे घरातील लेकरे "कुठंतरी जाऊ" म्हणून आईवडिलांच्या मागे लागतात. परंतु आभाळ सर्वाधिक लहरी असते तेही नेमके याच दिवसांत. सकाळी निरभ्र, दुपारी असह्य उकाडा आणि चारच्या सुमारास विजांसह धो धो पाऊस, असा क्रम हस्त आणि चित्रा नक्षत्रांत पुष्कळदा घडतो. अशा दिवसांत लहान मुलांना घेऊन बाहेर पडावे की घरीच बसावे, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, अवश्य बाहेर पडावे. मात्र सहल जवळची, सकाळची आणि वाटेतून केव्हाही माघारी फिरता येईल अशी असावी.

शरदात कुटुंबाने घराबाहेर पडण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. पंचांगानेच तिची तजवीज करून ठेवलेली आहे. दसऱ्याला गावाची शीव ओलांडून शिलंगणास जाताना बाप धाकट्या लेकराला खांद्यावर बसवून नेतो. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली सहकुटुंब भोजन करण्याचा प्रघात अनेक घरांतून आजही पाळला जातो. नवरात्रात अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे दर्शन घेण्यासाठी दूरदूरची कुटुंबे येतात, आणि कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी कपिलधारचा रस्ता माणसांनी फुलून जातो. यांपैकी शिलंगण आणि आवळीभोजन नीट न्याहाळले, तर त्यांत एक शहाणपण दिसते: ठिकाण पायी जाता येईल इतके जवळचे, सोबत घरची शिदोरी, बरोबर वडीलधारी मंडळी आणि दिवेलागणीच्या आत परतणे. मोटारीच्या सोयीमुळे आपले अंतर वाढले, पण अंतराबरोबर वाढणाऱ्या जोखमीचा हिशेब मात्र आपण फारसा मांडत नाही.

या दिवसांत हवा अशी का वागते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. भारतीय हवामान विभागाने २०२० साली सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणे नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम राजस्थानातून सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरला माघारी फिरू लागतात आणि १५ ऑक्टोबरच्या सुमारास सबंध देशाचा निरोप घेतात. हा माघारीचा प्रवास मराठवाड्यावरून जात असता एकीकडे आकाश मोकळे होऊन ऊन प्रखर होते, आणि दुसरीकडे पावसाळाभर भिजलेल्या काळ्या जमिनीतून वाफ वर जात राहते. ही तापलेली दमट हवा दुपारनंतर उंच चढून तिचे काळे ढग बनतात व ते गडगडाटासह कोसळतात. त्यातच बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आणि ते तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकले, म्हणजे दोन-तीन दिवसांची झड लागते. दुपारच्या पावसाचे वैशिष्ट्य असे की तो अत्यंत स्थानिक असतो. एका महसुली मंडळात अतिवृष्टीची नोंद व्हावी आणि शेजारच्या मंडळात धूळही बसू नये, हे शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहे. महसूल खात्याच्या परिभाषेत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की अतिवृष्टी समजतात. म्हणजे आपल्या वर्षभराच्या पावसाचा सुमारे दहावा हिस्सा एका दिवसात.

असे दिवस अपवादाने येतात, अशी समजूत अलीकडच्या वर्षांनी खोटी ठरविली आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्रच्या किनाऱ्यावर थडकलेल्या 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष दोन दिवसांत मराठवाड्यावर आले, मांजरा धरणाचे सर्व अठरा दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये आष्टी तालुक्यात पुराने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याची पाळी आली. ज्या पंधरवड्यात सहलीची हौस सर्वांत अधिक, त्याच पंधरवड्यात नद्यांचा कोपही अधिक, हे पालकांनी मनात पक्के धरले पाहिजे.

म्हणून पहिला विचार ठिकाणाचा. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणा नदी कड्यावरून खोल दरीत उडी घेते आणि त्या दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. मांजरसुंब्यानजीकच्या कपिलधारलाही डोंगरावरून पडणारी धार आणि तिच्या सान्निध्यात मन्मथस्वामींची समाधी आहे. दोन्ही स्थळे शरदात अप्रतिम दिसतात. पण दोन्ही ठिकाणी पाणी वरच्या पठारावरून येते, आणि वर पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही प्रवाह पाहता पाहता फुगतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात काटक्या-पालापाचोळा वाहून येणे, धारेचा आवाज बदलणे, ही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता उंचावर यावे. लहान मुलांना घेऊन शेवाळलेल्या पायऱ्या भराभर चढता येत नाहीत, आणि कडेवर मूल असलेल्या आईला स्वतःचा तोल सावरणेही कठीण जाते. तेव्हा ज्या दिवशी पठारावर ढग जमले असतील त्या दिवशी हे धबधबे वरूनच, सुरक्षित अंतरावरून पाहावेत. बिंदुसरा प्रकल्पाच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागले की बीडकर सहकुटुंब ते पाहावयास जातात. तेथेही मुलाला प्रवाहात उभे करून छायाचित्र काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण घोट्याच्या थोडे वर आलेले वेगवान पाणी प्रौढ माणसालाही पाडू शकते. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नये. पलीकडे दुसरी गाडी सुखरूप पोचली, हा पुरावा मानू नये.

याउलट, आभाळाचा भरवसा नसेल तेव्हा डोक्यावर दगडी छप्पर असलेली ठिकाणे निवडावीत, आणि अशा ठिकाणांची आपल्या जिल्ह्यात वाण नाही. बीड शहरातील कंकालेश्वर हे जलकुंडाच्या मध्यभागी उभे असलेले प्राचीन मंदिर, त्याच्या भिंतींवरील मूर्ती दाखवीत दोन तास सहज जातील. मात्र सभोवार पाणी असल्याने धाकट्याचे बोट सोडू नये. अंबाजोगाईचा हत्तीखाना, म्हणजे सबंध खडक कोरून केलेली शिवलेणी, तेथील अंगणातले दगडी हत्ती पाहून लहान मूल जितके हरखते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने हरखत असेल. परळीला वैजनाथाच्या मंदिराची ऐसपैस वास्तू आहे. मोर पाहावयाचे असतील तर १९९४ साली घोषित झालेले नायगावचे मयूर अभयारण्य पाटोदा तालुक्यात आहे. तेथे छप्पर नसले तरी पक्षी पहाटे आणि सकाळीच अधिक दिसत असल्याने, दुपारचे ढग जमण्यापूर्वी परतणे आपोआप साधते. कोठेही जावयाचे असो, उजाडताच निघावे आणि दोनच्या सुमारास परतीच्या वाटेला लागावे. काळ्या जमिनीच्या शिवारात जायचे असेल तर आदल्या दिवशी पाऊस झाला आहे का, याची चौकशी करावी. वापसा नसलेल्या रानात रुतलेले चाक बाहेर काढता काढता दिवस मावळतो, आणि भुकेली लेकरे गाडीत रडत बसतात.

विजेविषयी स्वतंत्रपणे सांगणे अगत्याचे आहे, कारण परतीच्या पावसातील सर्वांत घातक गोष्ट तीच. प्रकाश तत्काळ दिसतो आणि आवाजाला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतची सेकंदे मोजून त्यांना तिनाने भागले की वीज किती किलोमीटरांवर आहे ते कळते. हा हिशेब तिसरी-चौथीतले मूल आनंदाने करील, आणि भीतीने रडण्याऐवजी ते मोजण्यात गुंतेल. मोजणी तिसाच्या आत आली की लगेच पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली, उघड्या माळावर, पत्र्याच्या उघड्या शेडखाली किंवा तळ्याच्या काठी थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, आणि हवामान विभाग जिल्हावार इशारे रंगांनी प्रसिद्ध करतो: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे तातडीने कृती करा. लेकरे सोबत असतील तर पिवळ्या दिवशी जवळचे ठिकाण धरावे, आणि नारिंगी व तांबड्या दिवशी सहल पुढे ढकलावी.

मुलाचे शरीर म्हणजे प्रौढ शरीराची लहान प्रत नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक, म्हणून ओले झाले की ते आपल्याहून लवकर गारठते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात आपल्याहून लवकर त्याच्या अंगातले पाणी कमी होते. एकाच दिवशी हे दोन्ही घडू शकते. प्रत्येक मुलामागे कोरड्या कपड्यांचे निदान दोन जोड, डोके पुसण्यास पंचा, उन्हासाठी टोपी, उकळून गार केलेले पाणी आणि क्षारसंजीवनीची पुडी एवढे सामान पिशवीत असावे. पावसाळ्यानंतर डासांचा आणि गवतातील सापा-विंचवांचा उपद्रव असतो. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद बूट घालावेत, आणि दंश झाल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. शिदोरीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी यांसारखे टिकाऊ पदार्थ असले म्हणजे पाऊस लांबला तरी मुले उपाशी राहत नाहीत. आणि वाटेत सीताफळे घ्यावीत. बालाघाटाच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, व त्याचा हंगाम हाच आहे. फक्त लहानग्यांना गर देताना बिया काढून द्याव्यात, त्या घशात अडकू शकतात.

एवढे करूनही सहल अर्ध्यावर सोडावी लागेल, अशी वेळ येतेच. आणि खरी कसोटी तेव्हाच लागते. पेट्रोलचे पैसे खर्च झालेले असतात, पाहुणे बरोबर असतात, "आता इतक्या जवळ आलोय, पाहूनच जाऊ" असे कोणीतरी म्हणते. अशा वेळी निर्णय कोणाचा, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे, आणि तो निर्णय सर्वांत धाकट्या मुलाच्या ताकदीवरून घेतला जावा. मागे फिरण्यात कमीपणा नाही, हा संस्कार मुलांवर आईवडिलांच्या प्रत्यक्ष वागण्यातून होतो. निसर्गापुढे हट्ट न धरणारा बाप ज्याने लहानपणी पाहिला, तो मोठेपणी पुराच्या पाण्यात मोटारसायकल घालण्यापूर्वी निश्चित विचार करील.

या विषयाची आणखी एक बाजू बीड जिल्ह्यात तरी विसरता येत नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास, गाळप हंगाम जवळ येताच, आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि त्यांच्या बरोबर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांशेजारी लहान लेकरेही बसलेली असतात. शरदातील प्रवास त्या मुलांना दरसाल घडतो, पण तो उसाच्या फडाकडे. अवकाळी पाऊस आला तर फडालगतच्या कोपीत चिखल होतो आणि त्यांच्या डोक्यावर पाचटाशिवाय दुसरे छप्पर नसते. मुलांना गावीच ठेवून त्यांची शाळा चालू राहावी म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वीच उघडली पाहिजेत, उघडण्यास झालेला प्रत्येक दिवसाचा उशीर आणखी काही मुलांना फडावर नेतो.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, देवस्थाने, ग्रामपंचायती आणि तहसील कचेऱ्यांना: सौताडा, कपिलधार आणि बिंदुसरा यांसारख्या स्थळी पाणी कोठवर येते ते दाखविणारे ठळक फलक, मजबूत कठडे, शंभर माणसे मावतील असे पक्के निवारे आणि सुटीच्या दिवशी मनाईचा हुकूम अमलात आणणारे दोन माणसांचे पथक, एवढा बंदोबस्त पावसाळा संपण्याची वाट न पाहता व्हावा. दुसरी, शिक्षकांना आणि सुस्थितीतील पालकांना: दसऱ्यापूर्वीच्या एखाद्या स्वच्छ सकाळी शाळेची सहल न्या, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांना वर्गणी न मागता तीत सामील करून घ्या. या जिल्ह्यातील हिरवाई वर्षातून दोन-अडीच महिनेच असते. ती पाहण्याचा हक्क जिल्ह्यातील प्रत्येक लेकराचा आहे, आणि तो हक्क त्यांना सुखरूप उपभोगता यावा, ही जबाबदारी आपणा मोठ्यांची आहे.