घर मोजले, धंदा कोण मोजणार?

पुनर्विकासाची बातमी वस्तीत आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : घर किती फुटांचे मिळणार? प्रश्न रास्तच आहे. पत्र्याखाली पिढ्या काढलेल्या, पहाटे सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला पक्के घर हवेच. पक्क्या घराला आपला विरोध असण्याचे कारण नाही. पण दुसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. त्या नव्या घरात चूल कशाच्या जोरावर पेटणार?

ओट्यावरचे दुकान, माळ्यावरचा शिलाईचा कारखाना, गल्लीत वाळणारे पापड, नाक्यावरची हातगाडी, यांवर आपली घरे चालतात. सर्वेक्षणाला आलेला माणूस भिंती मोजतो. भिंतींच्या आत चालणारे काम दाखवले गेले नाही, तर त्याचा समावेश नव्या इमारतीच्या नकाशातही होत नाही.

धारावी काय सांगते?

मुंबईची धारावी सुमारे 600 एकरांवर पसरलेली आहे. तिच्या पुनर्विकासाची योजना 2004 साली मंजूर झाली. निविदा निघाल्या, रद्द झाल्या. अखेर 2022 च्या निविदेत अदानी समूहाची बोली सर्वांत मोठी ठरली, जुलै 2023 मध्ये राज्य शासनाने काम त्यांच्याकडे दिले आणि मार्च 2024 मध्ये घरोघर सर्वेक्षण सुरू झाले.

अटी नीट वाचा. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या तळमजल्यावरील रहिवाशाला धारावीतच 350 चौरस फुटांचे मोफत घर. त्यानंतरच्या, पण 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या रहिवाशाला धारावीबाहेर 300 चौरस फूट, तेही अडीच लाख रुपये भरून. वरच्या माळ्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर भाडे-खरेदी पद्धतीने घर. पात्र दुकान-गाळ्याला 225 चौरस फुटांपर्यंत जागा मोफत. म्हणजे माणूस कोणत्या साली आला आणि कोणत्या मजल्यावर राहतो, यावर त्याचे ठिकाण ठरते. त्याचे काम कोणते आणि त्या कामाला काय लागते, हे या हिशेबात कुठे बसते?

कुंभारवाडा पाहा. सौराष्ट्रातून आलेल्या या कुंभार कुटुंबांना शहर वाढत गेले तसे दक्षिण मुंबईतून हटवले गेले आणि 1930 च्या दशकात ती धारावीत वसली. त्यांना माती मळायला जागा लागते, मडकी वाळवायला अंगण लागते, भाजायला भट्टी लागते. एकेक भट्टी अनेक घरे मिळून वापरतात. दहाव्या मजल्यावर घर मिळाले तर भट्टी कुठे लावायची? दिवाळीच्या पणत्या कुठे वाळवायच्या? येथे घर आणि कारखाना एकच आहे. एक देऊन दुसरा काढून घेतला, तर ते अर्धेच पुनर्वसन!

चामड्याच्या धंद्याला हा धक्का नवा नाही. 1971 साली वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला आणि पुढे कातडी कमावण्याचे काम धारावीतून ओसरत गेले. तरीही बॅगा, पट्टे, पाकिटे बनवणारे हात टिकले. कारण कापणारा, शिवणारा, बकल विकणारा आणि दुकानदार एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यातल्या एकाला दूरच्या उपनगरात पाठवले, तर तो एकटाच जात नाही, सारी साखळी तुटते.

आणि आपल्या माय-भगिनी? उलट्या टोपल्यांवर पापड वाळवणारी, घरी बसून कपड्यांना बटणे लावणारी बाई कोणत्या रकान्यात येते? तिच्याकडे परवाना नसतो. तिचे घर 'निवासी' म्हणून लिहिले की तिची कमाई त्या एका शब्दाखाली झाकली जाते.

कलावंतांचे काय?

दिल्लीच्या शादीपूरजवळ कठपुतली कॉलनी होती. राजस्थानातून आलेले कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणारे, जादूगार, डोंबारी, वादक तिथे पिढ्यान्पिढ्या राहत होते. देशाचे कलावंत म्हणून त्यांच्यातील अनेकांना परदेशांतही नेले गेले. 2009 साली दिल्ली विकास प्राधिकरणाने ती जागा पुनर्विकासासाठी खासगी विकासकाकडे दिली. उंच बाहुल्या, ढोल, बांबू इमारतीच्या खोल्यांत कुठे ठेवायचे आणि तालीम कुठे करायची, हे कलावंत वर्षानुवर्षे विचारत राहिले. 2017 च्या अखेरीस वस्ती पाडली गेली. अनेक कुटुंबे आनंद पर्वतच्या संक्रमण शिबिरात गेली, कित्येक दूर पांगली. कलेचे काम निरोपावर चालते. खेळ ठरवायला माणूस वस्तीत येतो. वस्ती पांगली की निरोप कुणाकडे द्यायचा?

आपल्याकडचे गायक, ढोलकीवाले, बँडवाले यांचीही तीच गत होऊ शकते. त्यांची तालीम वस्तीच्या चौकात होते. तो चौक नकाशात आहे का, हे आधीच पाहिले पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

1985 साली ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. मात्र त्याच निकालाने रीतसर कारवाई करून झोपड्या हटवण्यास मुभाही दिली. म्हणून निकालाचे नाव घेऊन भागत नाही, तपशिलाने लढावे लागते.

रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. हलवायचे तर 30 दिवसांची नोटीस लागते. शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. 50 वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, हे तत्त्वही या कायद्यात आहे. किती विक्रेत्यांना हे माहीत आहे?

आजच करण्यासारखे

सर्वेक्षणाची वाट पाहू नका. गुमास्ता परवाना, वीजबिले, माल घेतल्याच्या पावत्या, पालिकेच्या दंडाच्या पावत्यासुद्धा एका पिशवीत जपून ठेवा. कामाचे, यंत्रांचे, वाद्यांचे फोटो काढा. सर्वेक्षक आला की शिलाई मशीन दाखवा, धंदा नोंदवायला सांगा आणि नोंदीची प्रत मागा. नोंद चुकली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

वस्तीच्या बैठकीत चार गोष्टी लेखी मागा. गाळा तळमजल्यावर आहे का? बांधकाम चालू असताना धंदा कुठे चालेल? दरमहा देखभाल खर्च किती आणि तो कोण भरणार? भट्टी, वाळवण, तालीम यांसाठी सामाईक जागा नकाशात कुठे आहे? बैठकीला घरातल्या बायकांनाही न्या. गल्लीतल्या कोणत्या घरात कोणते काम चालते, याची खरी यादी त्यांच्याच तोंडी असते.

ती यादी आपणच कागदावर उतरवू या. घराच्या चाव्या हातात येतील त्या दिवशी त्या हातांना कामही असले पाहिजे. तेव्हाच तो विकास आपला!