नाका इथे, धोका तिथे

दिवाळी तोंडावर आली की पुणे-सोलापूर महामार्गाचा नूर पालटतो. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली माणसं गावाकडे निघतात, मोरगावला मयुरेश्वराच्या दर्शनासाठी अष्टविनायक यात्रेच्या बस लागतात. थंडी पडली की उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात आणि शनिवार-रविवारी मोटारी भिगवण-कुंभारगावकडे वळतात. येताना पक्षी, जाताना मासळीचं ताट, असा बेत ठरलेला. याच दिवसांत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील साखर कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात. आणि याच दिवसांत रस्त्यावर पोलिसांची नाकाबंदीही वाढते.

लोकांची चिडचिड सुरू होते ती इथूनच. पूर्वी ‘पावती फाडणं’ समोरासमोर व्हायचं. हुज्जत घालायला तरी माणूस समोर असायचा. आता फोटो निघतो आणि ई-चलनाचा मेसेज मोबाइलवर येऊन पडतो. गाडी विकायला काढली की थकलेल्या चलनांची यादी बाहेर येते. या नाराजीने जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांना संपावर नेलं. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, अशा सूचनाही वरिष्ठ कार्यालयाला द्याव्या लागल्या.

नियम मात्र वाहनचालकाच्या बाजूनेही आहेत, ते फारसे कुणी सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली घातलेल्या १६७-अ या नियमाप्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते. कॅमेरा प्रमाणित असावा लागतो आणि इथे कॅमेरा आहे, अशी पाटी आधी लावावी लागते. चलन चुकीचं वाटलं तर ‘महाट्रॅफिक’ अ‍ॅपवर तक्रार करता येते.

दंडाला नावं ठेवणाऱ्यांची बाजूही तितकी धुतल्या तांदळासारखी नाही. एमआयडीसीच्या रस्त्याला किंवा कॉलेज सुटायच्या वेळी चौकात उभं राहिलं तर आरशाला अडकवलेली हेल्मेटं दिसतात. पुढे पोलीस दिसला की ती डोक्यावर चढतात. २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मरण पावले. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी दहावी पास झाल्याच्या आनंदात किल्ली देणारे आईवडील कमी नाहीत.

तेव्हा दंड का घेता, हा प्रश्नच नाही. लोकांच्या तक्रारीतला दम वेगळ्या ठिकाणी आहे: नाका जिथे आणि जेव्हा लागतो, तिथे आणि तेव्हाच माणसं मरतात का?

अलीकडचे तीन अपघात पाहावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, इंदापूर तालुक्यात डाळजजवळ भरधाव मोटारीचा टायर फुटला आणि तेलंगणातल्या पाच जणांचा जीव गेला. ९ डिसेंबर २०२४ च्या पहाटे बारामती-भिगवण रस्त्यावर लामजेवाडीजवळ वैमानिक प्रशिक्षणार्थींची मोटार झाडावर आदळली. दोघे सुरुवातीला दगावले, नंतर आणखी एकीचा मृत्यू झाला. ते पार्टीहून निघाले होते, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. तो सोमवार होता. ना थर्टी फर्स्ट, ना सण. आणि २७ जुलै २०२५ ला, रविवारी, बारामती शहरात खंडोबानगर परिसरात हायवा डंपरखाली दुचाकीवरचे वडील आणि त्यांच्या दोन लहान मुली गेल्या. अख्खं शहर हळहळलं आणि हळहळीचा संताप झाला. शहरातून अवजड वाहनं कुठल्या वेळी जाऊ द्यायची, चौक सुरक्षित कसे करायचे, हे प्रश्न लोकांनी लावून धरले.

वेग, दारू, अवजड वाहन. तिन्हींची कारणं निराळी, आणि सणाच्या दिवशी भर दुपारी कागदपत्रं तपासून यातलं एकही टळलं नसतं. मद्यपी चालकाला पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण त्यासाठी श्वासतपासणीचं यंत्र घेऊन कुणीतरी आडरात्री आडरस्त्याला उभं राहावं लागतं.

रस्त्याच्या दोषांबद्दलही कायदा गप्प नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९८-अ कलमानुसार रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार किंवा संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेटची पावती गावातल्या बहुतेकांनी पाहिलेली असते. या कलमाखाली कुणाला दंड झाल्याचं गावात क्वचितच कुणी ऐकलं असेल.

आता उसाकडे येऊ. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, टेपवर गाणी इतक्या जोरात की मागचा हॉर्न ऐकू येण्याची सोय नाही. ट्रॉलीच्या मागे ऊस बाहेर आलेला. टेललाइट असलाच तर त्याच्या आड. रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाने माखलेली. मधेच ट्रॉली पंक्चर होते, ती तिथेच जॅकवर चढते आणि मागे चार दगड मांडले जातात. धोक्याची खूण म्हणून एवढंच. ट्रॉली निघून जाते, दगड कित्येकदा तिथेच राहतात आणि पुढच्या दुचाकीची वाट अडवतात. वाहन धोकादायक स्थितीत सोडणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे. पण ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, ऊसही शेतकऱ्याचा, त्यामुळे कारवाईचा विषय निघाला की सगळेच जरा सबुरीने घेतात.

रस्ता सुरक्षा अभियान जानेवारीत येतं. कारखान्यांवर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. तोवर गाळपाला दोन महिने उलटून गेलेले असतात.

वास्तविक या वाहनांचा पाठलाग करायची गरजच नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा: उसाची ट्रॉली या कारखान्यांपैकी कुठेही जावो, फाटकात नंबर लागतो, वजनकाट्यावर ती थांबते, रिकामी झाली की पुन्हा काट्यावर येते. प्रत्येक खेपेला दोनदा. महामार्गावर रात्री हात करून थांबवण्यापेक्षा काट्यावर टेललाइट पेटतो का, पट्टी दिसते का, हे पाहणं सोपं आणि कमी धोक्याचं. वाहतुकीचे करार कारखान्यांशी असतात, वाहनांची नोंद त्यांच्याकडे असते आणि बारामतीचं परिवहन कार्यालयही हाकेच्या अंतरावर आहे. दिवा बंद असलेल्या ट्रॉलीला पुढच्या खेपेचा नंबर द्यायचा नाही, एवढा नियम हंगामाच्या पहिल्या दिवसापासून पाळायला दोन्ही तालुक्यांत एकाही जादा पोलिसाची गरज पडणार नाही. कारखान्यांच्या वार्षिक सभांत उसाच्या दरावर तासन् तास घमासान होते. तिथेच एखाद्या सभासदाने हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.