उललेले हात

बोटांच्या पेरांवर आडव्या चिरा, अंगठ्याच्या टोकाला एक खोल भेग, नखांच्या कडेची कातडी पांढरी पडून सुटलेली. जुना जालन्यात धुणंभांडी करणाऱ्या एका मावशींचा हा उजवा हात. दिवस हिवाळ्याचे. "घासताना काही वाटत नाही ताई," त्या म्हणाल्या, "पण घरी ठेचा वाटायला बसलं की जीव जातो बघा."

त्यांच्यासोबत एका घरच्या मोरीपाशी बसले. नळाला पाणी कितीतरी दिवसांआड येतं. जायकवाडीचं असो की निजामाच्या काळापासून शहराला आधार असलेल्या घाणेवाडी तलावाचं, ते पिण्या-स्वयंपाकासाठी जपून ठेवायचं. भांड्यांना आणि धुण्याला बोअरचं. बादलीच्या काठावर पांढरा थर चढलेला होता. साबणाची वडी जाळीवर कितीही घासली तरी फेस धरेना, म्हणून मावशी पुन्हा वडीकडे हात नेत होत्या. एका कढईला तीनदा साबण लागला.

मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अशा जड पाण्यात साबणाचा साका होतो, साबण जास्त लागतो आणि तो कातडीवरून नीट निघतही नाही. ब्रिटनमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासलं: जड पाण्याने धुतल्यावर साबणातलं द्रव्य कातडीवर जास्त राहतं आणि आग-खाज वाढते. मावशींच्या हाताचं अर्धं दुखणं त्या बोअरमध्ये आहे, असं माझं स्पष्ट मत झालं.

उरलेलं अर्धं वारंवार धुण्यात. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मृत पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थाने भरलेल्या असतात, विटांमधल्या गिलाव्यासारख्या. आतला ओलावा तोच धरून ठेवतो. साबण तेल काढण्यासाठीच असतो; त्याला कढईतलं तेल आणि हातातलं तेल वेगळं कळत नाही. शिवाय कातडी किंचित आम्ल आणि वडीचा साबण अल्कधर्मी. एकदा धुतल्यावर हे सगळं पूर्ववत व्हायला काही तास लागतात. मावशींना ते तास मिळतच नाहीत, कारण पुढचं घर वाट बघत असतं. दिवसभर पाण्यात असलेला हात कोरडा पडतो तो असा. त्यात कढत पाणी घेतलं तर आणखी भर.

मावशी सकाळी निघताना खोबरेल लावतात. पहिल्याच पातेल्यासोबत ते निघून जातं. तेल वाईट नाही, वेळ चुकते. शेवटचं काम संपल्यावर हात कोमट पाण्याने धुवावेत, न चोळता टिपावेत आणि कातडी जराशी दमट असतानाच व्हॅसलिनचा जाड थर द्यावा. चिरांमध्ये दाबून भरावं. व्हॅसलिन स्वतः ओलावा देत नाही, असलेला अडवतं. म्हणून कोरड्या हाताला लावलं तर निम्मं काम वाया. वर जुने सुती मोजे घालून झोपावं. हे रोज केलं तर भेगा मिटू लागतात. एखाद्या रात्रीने काही होत नाही.

आयुर्वेदातलं सिक्थ तैल, म्हणजे एक भाग मेण आणि पाच भाग तिळाचं तेल, हेही असाच थर धरतं. कोकणात कोकम तेलाचे गोळे वितळवून भेगांत भरतात. सुगंधी पातळ लोशन मात्र उघड्या चिरेला झोंबतं. आणि लिंबू-साखर चोळण्याचा सल्ला कृपा करून कुणी उललेल्या हाताला देऊ नये.

दवाखान्यातल्या सिस्टरांचंही हेच दुखणं. त्यांना एक सोय आहे: हात दिसायला मळलेले नसतील तर साबणाऐवजी ग्लिसरीन घातलेलं अल्कोहोलचं द्रावण. चिरेला ते झोंबतं, म्हणून ते जास्त कडक असावं असं वाटतं. प्रत्यक्षात साबणापेक्षा ते कातडीला सौम्य असतं.

भेगेतून पू आला, नखाची कड सुजली, पाणीदार फोड उठले किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. मेडिकलवाल्याकडून नुसतं "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणू नये. त्यातल्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं आणि ते मनाने दीर्घकाळ लावलं तर कातडी पातळ होते.

राहिले रबरी हातमोजे. काचेचा पेला निसटतो, आत घाम येतो, ही मावशींची तक्रार खरी आहे. आत पातळ सुती मोजे घातले तर घाम टिपला जातो. आत पाणी शिरलं की लगेच काढावेत. एका घरच्या वहिनींनी त्यांना जोडी दिली, ती पिशवीत घालून त्या घरोघर नेतात आणि बंद पिशवीत ती ओलीच राहते. म्हणून प्रत्येक घराने आपल्या मोरीत त्यांच्या मापाची एक जोडी टांगावी, शेजारी व्हॅसलिनची डबी ठेवावी, आणि त्याचे पैसे पगारातून कापू नयेत.