जॉन विचारतो, ‘आता मी काय करू?’

संगणकाच्या पडद्यावरच्या शाळेत ल्यूक नावाचा दांडगा मुलगा जॉनला डिवचतो, ढकलतो. प्रसंग संपला की जॉन थेट समोर बसलेल्या मुलाकडे वळतो आणि विचारतो, आता मी काय करू? आठ-नऊ वर्षांचं ते मूल कीबोर्डवर सल्ला लिहितं. उलट मार. बाईंना सांग. मित्र जोड. मग पुढचा प्रसंग सुरू होतो.

जॉन ज्यात भेटतो ती ‘फिअरनॉट’ ही संगणकप्रणाली युरोपीय संघाच्या निधीतून २००२ नंतर आकाराला आली. ब्रिटनमधील रूथ आयलेट आणि लिस्बनमधील आना पायवा या संगणकशास्त्रज्ञ त्यात आघाडीवर होत्या. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांच्या नाट्यप्रकारात प्रेक्षकच कथेत हस्तक्षेप करतात. प्रेरणा तिथून मिळाली.

खरी करामत जॉनच्या स्वभावात आहे. त्याची गोष्ट आधीपासून ठरलेली नसते. १९८८ मध्ये मांडल्या गेलेल्या भावनांच्या एका मानसशास्त्रीय सिद्धान्तानुसार संगणक प्रत्येक घटनेतून जॉनची भीती, राग, आशा मोजत राहतो. म्हणून तो सांगकाम्या नाही. ‘उलट मार’ म्हटलं तरी भीती वरचढ ठरली तर त्याचा हात उठत नाही. उठला, तरी ल्यूक त्याला खाली पाडू शकतो. कोणताच उपाय हमखास चालत नाही, हे मुलाला इथे स्वतः अनुभवता येतं आणि त्यासाठी कुणालाही खरा मार खावा लागत नाही. छळ सोसणारं मूल स्वतःबद्दल बोलायला बहुधा कचरतं. इथे त्याला आपली कहाणी सांगावी लागत नाही; दुसऱ्याला धीर द्यायचा असतो. मला या प्रयोगातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पण त्यामुळे मुलांची छळातून सुटका होते का?

ब्रिटन आणि जर्मनीतील २७ प्राथमिक शाळांमधल्या १,१२९ मुलांवर याची चाचणी झाली. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तीन आठवडे, आठवड्याला साधारण अर्धा तास, एवढाच वापर. आधीपासून त्रास सोसणाऱ्या मुलांची त्यातून सुटका होण्याची शक्यता, प्रणाली न वापरलेल्या मुलांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसली. पडद्यावरच्या पीडित मुलांशी ज्यांनी जास्त संवाद साधला, त्यांना लाभही जास्त झाला.

मात्र हा परिणाम अल्पकाळचा होता आणि देशवार पाहिलं तर तो ब्रिटिश मुलांमध्येच ठळक दिसला. एकूण दीड तासाच्या प्रयोगाकडून याहून मोठी अपेक्षा करणं अन्यायाचं ठरेल. जॉनला मुलांनी काय सल्ले दिले आणि का दिले, यावर वर्गात मोकळेपणाने बोलणं हे काम शिक्षकांकडेच राहतं.