हिमखंडांचे घड्याळ

‘कळते, पण वळत नाही’ ही मराठी म्हण माणसाच्या एका जुन्या व्यंगावर नेमके बोट ठेवते. पृथ्वी तापत आहे हे विज्ञानाने आकड्यांनिशी सिद्ध केले. परंतु आकडे डोक्यात शिरले, तरी हात हलत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी कलेची मदत घेण्याचा एक संस्मरणीय प्रयोग २०१५ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसला झाला.

त्या वेळी तेथे जगातील राष्ट्रांची हवामानपरिषद भरली होती. शहरातील पँथिऑनच्या भव्य वास्तूसमोर बर्फाचे बारा प्रचंड खंड घड्याळातील आकड्यांप्रमाणे वर्तुळात मांडण्यात आले. कलावंत ओलाफुर एलिआसन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोझिंग यांची ही संयुक्त निर्मिती. तिचे नाव ‘आइस वॉच’. ‘वॉच’ म्हणजे घड्याळ आणि पहाराही.

रोझिंग यांचा जन्म ग्रीनलंडचा, आणि हा बर्फही तेथलाच; नूक शहराजवळच्या खाडीतून आणलेला. हिमाचे थर साचून त्यांचा बर्फ होताना त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपाने आत कोंडली जाते. बर्फ वितळू लागला, की ती तडतडत मोकळी होते. अशीच कोंडलेली हवा, विशेषतः अंटार्क्टिकाच्या बर्फातील, मोजून उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, असे शास्त्रज्ञांनी ठरविले. आज ते ४२० हून अधिक आहेत. प्रयोगशाळेतील हा पुरावा पॅरिसच्या चौकात कानाला ऐकू येत होता आणि हाताला गार लागत होता.

बर्फ वाचविण्यासाठी बर्फच उचलून आणावा काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. हे खंड मूळ हिमस्तरापासून आधीच तुटून पाण्यावर तरंगत होते. तरंगता बर्फ आपल्या वजनाइतके पाणी अगोदरच बाजूस सारतो. म्हणून ते हलविल्याने समुद्राची पातळी बदलली नाही. भूमीवरच्या बर्फाची गोष्ट निराळी. ग्रीनलंडवरील सारा बर्फ वितळला, तर जगातील समुद्र सरासरी सुमारे सात मीटरने चढेल. आणि त्यात मुंबई, चेन्नई वा सुंदरबन यांना सवलत मिळणार नाही. वाहतुकीसाठी इंधन मात्र जळलेच. त्याचाही हिशेब मांडण्यात आला.

१२ डिसेंबरला पॅरिसचा करार संमत झाला. तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली राखावी, शक्यतो दीड अंशावर थोपवावी, हे त्याचे उद्दिष्ट. तो करार हिमखंडांनी घडविला, असे कोणी म्हणणार नाही. पुढे २०२४ हे एकच वर्ष उद्योगयुगापूर्वीच्या मानाने सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण ठरले. म्हणजे वळण्याचे काम अद्याप बाकीच आहे. विज्ञान कळविते, कला जाणवून देते. वळणे हे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. चौकातील ते घड्याळ केव्हाच वितळून गेले. त्याने दाखविलेली वेळ टळलेली नाही.