मंगळयानाचे सहा रेटे

२०१३ सालच्या भाऊबीजेला, ५ नोव्हेंबरच्या दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघाले. त्याला नेणारे पीएसएलव्ही रॉकेट तसे बेताच्या ताकदीचे. यान थेट मंगळाच्या वाटेला लावण्याचा दम त्यात नव्हता. थोरल्या जीएसएलव्हीची २०१० मधली दोन्ही उड्डाणे फसलेली. मग हे जमले कसे? मी या विषयातला पदवीधर नाही, त्यामुळे उत्तर पाटीवरच्या हिशेबानेच देतो.

आधी व्याख्यानांनंतर हमखास येणारा प्रश्न: वर हवाच नाही, तर रॉकेट रेटा देते तरी कशाला? विचारणाऱ्याने संकोचू नये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२० साली याच मुद्द्यावर रॉबर्ट गॉडर्डची टिंगल केली होती, दुरुस्ती छापली ती अपोलो ११ चंद्राकडे निघाल्यावर, १७ जुलै १९६९ रोजी! दिवाळीतला बाणसुद्धा हवेला ढकलून वर जात नाही. पोटातला वायू तो जोराने मागे फेकतो आणि त्या फेकण्याचीच प्रतिक्रिया त्याला पुढे नेते. नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरते, तसे. हवेची उलट अडचणच.

यान आधी पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडले गेले. जवळचे टोक सुमारे २५० किलोमीटर उंचीवर, दूरचे सुमारे २३,५००. दूरच्या टोकाला वेग सेकंदाला जेमतेम सव्वादोन किलोमीटर, जवळच्या टोकाला जवळजवळ दहा. खरी मेख इथे आहे. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. एकाचे दोन केले तर वर्ग १ वरून ४ वर जातो, वाढ ३. दहाचे अकरा केले तर १०० वरून १२१, वाढ २१. इंधन तेवढेच, लाभ सातपट! म्हणून ७ ते १६ नोव्हेंबरदरम्यान इंजिन सहा वेळा पेटवले, ते दर वेळी जवळच्या टोकापाशी. त्यातला ११ तारखेचा रेटा कमी पडला. १ लाख किलोमीटर गाठायचे होते, यान ७८ हजारांवर राहिले. दुसऱ्या दिवशी पुरवणी रेटा द्यावा लागला.

१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर इंजिन सुमारे २२ मिनिटे चालले आणि यानाने पृथ्वी सोडली. पुढचे जवळजवळ ३०० दिवस ते इंजिन गप्प. वाट किंचित सुधारण्यापुरते छोटे झोत, बाकी प्रवास म्हणजे सूर्याभोवती नुसते पडत राहणे. अवकाशात इंधन लागते ते वेग बदलायला, चालत राहायला नाही.

धास्ती होती ती पुन्हा पेटण्याची. ४४० न्यूटनचे ते इंजिन, म्हणजे ४५ किलोच्या पोत्याच्या वजनाएवढा रेटा. २२ सप्टेंबर २०१४ ला ते चार सेकंद चालवून पाहिले. २४ तारखेला सकाळी यान उलटे वळवून सुमारे २३ मिनिटे पेटवले, तेव्हा कुठे मंगळाने ते धरून ठेवले. निघताना १,३३७ किलोंपैकी ८५२ किलो इंधन होते. तेव्हा सुमारे ४० किलो उरले होते.