ताऱ्यांची घड्याळं आणि खोडदचे कान

लायगो वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या भुजांना क्षणार्धात सरकून जाणारी गुरुत्वीय लहर कळते. पण महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांतून उठणारी एकेक लहर पुरती सरायला वर्षं लागतात. तिच्यासाठी उपकरणही आकाशगंगेच्या मापाचं हवं. ते आयतंच आहे: सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे स्पंदक तारे. त्यांचे रेडिओलहरींचे ठोके ठरल्या वेळेच्या किंचित आगेमागे पोचले, तर मधलं अवकाश ताणलं-आकसलं असावं. जून २०२३मध्ये अनेक देशांच्या गटांनी अशा लहरींचा पुरावा मांडला.

पण घड्याळच चुकलं असेल तर? शंका रास्त आहे. मात्र पृथ्वीवरचं घड्याळ चुकलं, तर सगळ्याच ताऱ्यांचे ठोके सारखे सरकतील. लहरींमुळे हे साम्य दोन ताऱ्यांमधल्या कोनानुसार बदलतं. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी ती वक्ररेषा १९८३मध्येच काढून ठेवली होती. दुसरा संशयित अधिक चिवट: वाटेतले इलेक्ट्रॉन. ते रेडिओलहरींना उशीर करतात, कमी वारंवारतेच्या लहरींना जास्तच. म्हणून नारायणगावजवळच्या खोडदची ३० अँटेनांची, कमी वारंवारता ऐकणारी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथे मोलाची. तिथे हा उशीर ठळक दिसतो, मोजून वजा करता येतो. तरी तेव्हाचा पुरावा शोध जाहीर करण्यासाठीच्या पाच सिग्मा या खात्रीच्या दंडकाला पोचला नव्हता. गटांनी ‘शोध’ हा शब्द टाळला, ते बरंच केलं.